आजोबांना सिसेरो ठाऊक नाही

आजी : मीट डोळे. आता समज, तू मेलीस.

मारिसेला : आजी!

आजी : समज गं नुसतं. वर्षातून एकदाच सुट्टी मिळते, मृतांच्या दिवशी. भूक लागलीय. कुठे जाशील?

मारिसेला : घरी. म्हणजे... इथेच, पिल्सेनला.

आजी : बघ! मग तुझे आजोबा कुठे जातील? भाडं वाढलं, आपण हे घर सोडून तिकडे सिसेरोला राहायला गेलो. त्यांना कोण सांगणार?

मारिसेला : म्हणून गेल्या वर्षी त्यांच्यासाठी वाढलेल्या ताटातल्या मक्याच्या तमालेंची चव तशीच राहिली?

आजी : ते जेवले असते, तर चव उरली असती का?

मारिसेला : पण इथली बेकरीसुद्धा गेली. तिथे आता कुत्र्यांना न्हाऊ घालतात. आजोबा गल्ली ओळखतील कशी?

आजी : कोपऱ्यावरच्या भिंतीवर रंगवलेली ग्वादालुपेमाता अजून आहे ना? तिला टोपी काढून नमस्कार करायचा आणि डावीकडे वळायचं. चल, वाजव आपल्या जुन्या घराची बेल.

क्लेअर : कोण हवंय?

आजी : पूर्वी आम्ही राहायचो इथे, मुली. एक विचारते, हसू नकोस. गेल्या वर्षी याच दिवशी कोणी आलं होतं?

क्लेअर : तुम्हाला कसं कळलं? संध्याकाळी कोणीतरी जिना चढत होतं. खोकत खोकत. मध्येच थांबलं.

आजी : वळणावर. तिथे दम खायचे ते. लोखंडाच्या ओतशाळेची धूळ होती छातीत.

क्लेअर : मी डोकावले, तर कोणीच नाही. नुसता तंबाखूचा वास. घाबरून कडी लावली मी.

आजी : कडी लावलीस...

क्लेअर : मला माहीत नव्हतं हो.

आजी : तुझं काय चुकलं? न सांगता घर आम्ही बदललं.

मारिसेला : आजी, झेंडूची पिशवी दे. जिन्यापासून पाकळ्या टाकत जाऊ, आजोबा मागोमाग येतील.

आजी : अगं, पाकळ्यांची वाट दारापर्यंत आणायची असते. दारापासून कोणी नेतं का?

मारिसेला : आपलं दार आता सिसेरोला आहे ना? बसथांब्यापर्यंत चालत, पुढे बसच्या खिडकीतून टाकू.

आजी : ड्रायव्हर ओरडेल, भवाने.

मारिसेला : त्याच्याही घरचं कोणीतरी येत असेल की आज.

(बसमध्ये.)

आजी : कडेला का उभी? ती सीटवरची पिशवी उचल आणि बस तिथे.

मारिसेला : पिशवी उचलते. पण बसत नाही.

आजी : का गं?

मारिसेला : जिना चढून दमलेत ते.