चिप जागच्या जागी

...आणि वर म्हणे चिप हलवायची नाही. तुम्हाला सांगतो, आमच्या शेजारच्या हर्षालीच्या जागी दुसरं कुणी असतं ना, तर तिथंच हात जोडले असते... महाळुंग्यातलं घर, सुट्टीचा दिवस, अंगणात कांद्याचा ढीग, दारात ट्रक उभा, आणि सासऱ्यांचं, आबाजींचं, कांदे निवडायचं मशीन बिघडलेलं. प्रत्येक कांदा तोलून मोठा इकडं, मध्यम तिकडं, गोल्टी म्हणजे बारका पलीकडं टाकणारं मशीन, पण लाइट गेली-आली आणि तेव्हापासून सगळं एकाच क्रेटात ओततंय. कार्डावरच्या चिपमधला प्रोग्रॅम उडाला होता. आता हर्षाली चाकणला कंपनीत असली कार्डंच तपासते, मशीनवाल्यानं प्रोग्रॅमची फाइलही पाठवलेली, मग अडलं कुठं? अहो, चिप जुनी, सोल्डर करून बसलेली, उपटायला जावं तर बोर्डाचं तांबंच सुटून येणार. आबाजींनी बजावलं, "काय करायचं ते जागच्या जागी कर, पोरी."

जागच्या जागी. बोलायला काय जातंय... तिनं लॅपटॉपची वायर बोर्डावरच्या पिनांना जोडली, बटण दाबलं. चिप उत्तरच देईना. वायर बदलली, तरी गप्प. बाहेर ट्रकवाला हॉर्न देतोय, सासूबाई गवराबाई विचारतायत, "मेली का गं ती?" आणि तसली चिप आता आणणार कुठून? मग हर्षालीच्या डोक्यात आलं, लॅपटॉप नव्या चिपांशी बोलतो त्याच वेगानं बोलतोय, ह्या जुन्या चिपला ते झेपायचं कसं? वेग कमी केला, आणखी कमी केला... आणि चिपनं ओळख दिली राव. हर्षाली खुर्चीवरून उठलीच, "आबा, जिवंत आहे."

प्रोग्रॅम जायला लागला. पण तुम्हाला सांगतो, जागच्या जागी म्हणजे काय ते तेव्हा कळलं... ज्या पिनांवरून प्रोग्रॅम जातो त्याच पिनांवर कांदे ढकलणाऱ्या झडपाही जोडलेल्या. खाडखाड, खाडखाड, आत अडकलेले कांदे उसळून बाहेर, एक थेट आबाजींच्या टोपीवर. "आगं बंद कर ते." "आबा, आता थांबवलं तर अर्धाच भरेल, जरा वाका." आबाजी वाकले, गवराबाई पदरात कांदे झेलतायत, आणि हर्षाली पडद्यावर नजर लावून उभी... झालं. पूर्ण झालं. तिच्या डोळ्यांत पाणी, आता आनंदाचं की कांद्याचं, कुणी विचारावं?

मशीन सुरू केलं, तर ते मापं मागायला लागलं, किती वजनाचा कांदा कुठं टाकायचा. नवा प्रोग्रॅम भरताना चिप आधी सगळं पुसते, त्यात जुनी मापंही गेली. "सांगा आबा, गोल्टी म्हणजे केवढी?"

आबाजींनी एक कांदा उचलला. "ही."

"ही?" गवराबाई म्हणाल्या. "ह्याला मध्यम म्हणत्यात. इतकी वर्सं आपला मध्यम माल गोल्टीच्या भावात घातला व्हय?"

आता काय सांगू तुम्हाला... चिप ठणठणीत, मशीन तयार, लाइटही हजर, आणि दोघांचं एकमत होईना म्हणून ट्रक हातानं निवडून भरला. गोल्टी केवढी ते ठरलं, की लावणार आहेत मशीन.