माझ्या अंगात काही आलं नव्हतं

हॅलो? … उचललास एकदाचा. लोर्ना, तू काम करतेस त्या मालिकेचे साहेब चोर आहेत. … हो, चोर. लोकांच्या घरातलं उचलायचं, वर एक भूत बसवायचं आणि विकायचं, हा त्यांचा धंदा. नंबर दे मला त्यांचा. … अगं, गुरुवारचा भाग. ज्यूरीचा. दुसरा कुठला?

… मी तुझी भुतंखेतं बघत नाही, माहितीये तुला. पण अख्ख्या गावाने बघितला. आज चर्चमध्ये शिरले तर गप्पा थांबल्या. बेव्हर्ली बाकावर इतकी सरकली की माझ्या शेजारी अजून दोघं बसली असती. मग घरी येऊन लावला. शेवटची नावंबिवं नाही बघितली, बंदच केला.

… काय होतं म्हणजे? बारा माणसं खोलीत. अकरा म्हणतात, पोरगा दोषी. बारावी बाई टेबलावर गोधडीचे तुकडे मांडत बसते आणि म्हणते, नाही. … सुई-कात्री कोर्टात नेऊ देत नाहीत म्हणून नुसते तुकडे. हे कोण करतं, लोर्ना? अख्ख्या केंटकीत दुसरी कोण आहे अशी? … ऐक ना पुढचं. तिचे डोळे पांढरे होतात. अंगात आलेलं असतं तिच्या. फासावर गेलेली चेटकीण. म्हणून ती खुन्याला सोडायला लावते.

… हसू नकोस. … रॉयसच्या खटल्यात आम्ही बारा जणांनी ज्यूरीच्या खोलीत ठरवलं होतं, आधी कोण आडवं आलं ते बाहेर बोलायचं नाही. ओपल हेन्सलीचा मुलगा गाडीखाली मेला. तिला रोज याच गावात वावरायचंय. बारा जणांतलं कोण, हे तिला कळू नये, एवढं तरी. आणि सगळ्यांनी पाळलं. त्या बडबड्या हार्लननेसुद्धा. … मी फक्त तुला सांगितलं. थँक्सगिव्हिंगच्या जेवणानंतर, भांडी घासताना. मग साहेबांना कुठून कळलं?

… काय? मोठ्याने बोल.

… तू लिहिलास? … तो भाग तू लिहिलास.

… हो, हो… तुला नोकरीवरून काढणार होते. दुसरं काही सुचत नव्हतं. ऐकलं मी. … काय बदललंस? केस तांबडे केलेस. गोधडी तरी काढायचीस. … 'तेच सगळ्यांना आवडलं.' वा.

… नको, माफी राहू दे. माफीचंच सांगायला फोन केलाय. ओपल आलीये इथे. … भांडायला नाही गं. भांडली असती तर सोपं होतं. सफरचंदाचा केक घेऊन आलीये. माझा हात धरला आणि म्हणाली, आर्डिथ, ती तू नव्हतीसच, मला तेव्हाच कळायला हवं होतं, तुझ्यात काहीतरी शिरलं होतं. … हो, खरंच मानते. पोर गेल्यावर माणूस काय वाट्टेल ते मानतं. पास्टरना बरोबर आणलंय. ते माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करणार, आतलं काढणार, आणि मग ती मला माफ करणार. पडवीत बसलेत दोघं. आत्ता. बहिणीला फोन करून येते म्हटलं.

… 'करू दे की'? … असं म्हणतेस तू?

… अगं, मी शुद्धीत होते. त्या साक्षीदाराने पोलिसांना निळी गाडी सांगितली आणि कोर्टात करडी. आधी चालवणाऱ्याचा चेहरा दिसला नव्हता, मग दिसला. तेवढ्यावर रॉयसला जन्मभर आत टाकायचं? मला काही तो आवडत नाही. मेला दारुडा, माझं कुंपण दोनदा पाडलंय त्याने. … पण काल त्याच्या दारावर कुणीतरी लाल रंगाने क्रूस काढलाय. तुझ्या त्या भागानंतर. हे सुचलं होतं का लिहिताना?

… थांब, मला बोलू दे. हार्लन टेबलावर मुठी आपटत होता. मला म्हातारी गाय म्हणाला. मी तुकडे मांडत राहिले आणि पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिले, निळी की करडी? एकेक करून सगळे वळले. कुठल्या चेटकिणीने नाही वळवले, मी वळवले. शेवटी जजनी एकेकाला उभं करून विचारलं, हा निकाल तुमचाच का? मी म्हटलं, हो, माझाच. आयुष्यात मला कुणी काही विचारलं असेल तर ते तेवढंच. ते तू भुताला देऊन टाकलंस.

… रडू नकोस. मी रडत नाहीये.

… 'ती नुसती गोष्ट आहे' म्हणून कसं भागेल? मी मुकाट्याने डोकं पुढे केलं तर ओपलला आज झोप लागेल. पण मग रॉयस भुताने सोडवलेला खुनी ठरला, आणि मी झपाटलेली. आणि खरं सांगितलं, तर शुद्धीत असूनही मी तिच्या पोराच्या विरोधात उभी राहिले, असं होतं. तिच्या तोंडावर.

… हो, ओपल, आलेच. … दाराशी आलीये ती. लोर्ना, पटकन. … नाही, साहेबांना विचारून नको. लिहिलंस तू, तर तूच सांग. दार उघडलं की ती माझ्याकडे बघून विचारणार, ती तू होतीस की नव्हतीस. काय सांगू तिला? … उत्तर दे.