फूल काढलेली बाटली

हर्षदा : ...आणि रिकाम्या बाटल्या तुमच्याच दुकानात परत घ्यायच्या. जमेल का, गोजाबाई?

गोजाबाई : नाय जमायचं. तसंच लिवा, मॅडम.

हर्षदा : कारण?

गोजाबाई : टपरी बघा की. चार खांब आन वर पत्रा. आमी सरबत इकायचं, का लोकांच्या उष्ट्या बाटल्या सांभाळायच्या?

हर्षदा : गिऱ्हाइकाकडून थोडे पैसे जास्त घ्यायचे, बाटली आणून दिली की परत करायचे. मग कोणी फेकणार नाही, असा सरकारचा विचार आहे. अजून ठरलं नाही, म्हणून ग्रामपंचायत दुकानदारांना विचारतेय.

गोजाबाई : फेकतात ते बियरवाले. सूर्यमाळचा डोंगर बघायला येतात न् गाडीतून खाली भिरकावतात. या माझ्या सुनंला विचारा. मागल्या आवणीला खालच्या खाचरात भाताची रोपं लावत होती. काच घुसली, पाय सुजला. नाशिकला नेऊन करंगळी काढली तिची.

सरू : आत्याबाई, ती बियरची बाटली नव्हती.

गोजाबाई : चिखलात तुला काय दिसलं गं?

सरू : काच मीच उपसली पायातनं. धुतली तर वर अर्धं फूल, पांढऱ्या रंगाचं.

हर्षदा : म्हणजे?

सरू : ही बघा, आमच्या करवंदाच्या सरबताची बाटली. एकेकीवर फूल मीच काढते.

(गोजाबाई हातातलं फडकं खाली ठेवते.)

गोजाबाई : वरीस झालं, सरू. सगळ्या पाड्यात मी बियरवाल्यांना शिव्या घालत फिरले. तू ऐकत होतीस.

सरू : बोलले असते तर तुमी सरबत बंद केलं असतं. मंग परत वीटभट्टीवर जावं लागलं असतं सगळ्यांना.

गोजाबाई : म्हणून गप बसलीस?

सरू : बोट तर गेलंच होतं.

हर्षदा : गोजाबाई... 'नाही'च ठेवू ना?

गोजाबाई : खोडा ते. सरकार ठरवील तवा ठरवील. आजपासून सरबत इथंच बसून प्यायचं, बाटली ठेवून जायचं. गिऱ्हाईक कमी झालं तर होऊ दे.

हर्षदा : मग इथं सही करा.

गोजाबाई : तिची घ्या.

हर्षदा : दुकान तुमच्या नावावर आहे.

गोजाबाई : तरी तिचीच घ्या. मी खालच्या खाचरात जाते, चिखल चाचपून बघते. परवा बाया आवणीला उतरतील तिथं.