काही फेकायचं नाही

आणि वर मलाच विचारते, "नाव का नाही घातलंस बाटलीवर?" तुम्हाला सांगते, तळपायाची आग मस्तकात गेली! हातातलं पेन खाली ठेवायला लावलं कुणी? हिनंच. ही म्हणजे गुनेल, इथे स्वीडनमध्ये उप्सालाच्या विद्यापीठात आम्हाला प्रोटीन शुद्ध करायला शिकवते ती. पहिल्या दिवसापासून एकच जप... "वेंडेला, काही फेकायचं नाही." बरं बाई, नाही फेकत.

आता प्रकरण काय, तर बॅक्टेरियांत परकं जनुक घालायचं, ते वाढवायचे, फोडायचे, आणि त्या रबडीतून आपलं एक प्रोटीन वेगळं काढायचं. रबडी नळीतल्या मण्यांवर ओतायची, आपलं प्रोटीन मण्यांना चिकटतं, बाकीचं सगळं खाली बाटलीत... असं पुस्तकात. नाहीच चिकटलं तर? तर तेही बाटलीत, म्हणून काही फेकायचं नाही! चार दिवस राबले हो मी. शुक्रवारी शुद्ध प्रोटीन दाखवलं तर पास, नाहीतर अख्खा कोर्स पुन्हा.

गुरुवारी दुपारी तीनला नळी ठिबकतेय, मी बाटलीवर नाव घालायला पेन उघडतेय, तोच गुनेल दारात. "अगं चल, कॉफी निवतेय. ते ठिबकतंय ना आपलं आपण? नाव काय, मागाहून घाल." आमच्याकडे एक वेळ लग्न चुकवलं तर चालतं, पण तीनची कॉफी चुकवली की तुम्ही माणूसघाणे. गेले, बसले, केक खाल्ला. गुनेल मात्र मधेच उठली, म्हणे या आठवड्यात भांडी धुवायची पाळी तिची.

परत येऊन मण्यांवरचं प्रोटीन सोडवून घेतलं, तपासलं... शून्य. चिकटलंच नव्हतं! म्हटलं हरकत नाही, बाटलीत असणार. बाटली कुठाय? धुऊन लखलखीत, रॅकवर पालथी.

"गुनेल, त्यात माझं प्रोटीन होतं."

"हो का? बिननावाचं मी ओतूनच देते," आणि मग तो वरचा प्रश्न!

तणतणत कॉफीच्या खोलीत गेले. ताटलीत केकचा शेवटचा तुकडा. तो आमच्यात कुणी घेत नाही, अर्धा अर्धा करत नखाएवढा उरला तरी. म्हटलं हा तरी जाऊ दे कचऱ्यात, काहीतरी मलाही फेकू दे! तर मागून आवाज... "वेंडेला, काही फेकायचं नाही."

काय करणार? डबीत ठेवला, नाव घातलं, तारीख घातली. चार दिवसांचं प्रोटीन बेसिनातून गेलं, आणि केकचा तुकडा माझ्या नावानं फ्रिजमध्ये अगदी सुखरूप आहे.