बैठकीखालची माणसं

मोरेनिके नव्या दफनभूमीत वडिलांसाठी जागा मागायला रांगेत उभी होती. भावाला घर विकायचं होतं, म्हणून रिवाजाप्रमाणे त्यांना घरातच बैठकीच्या खोलीखाली पुरता येणार नव्हतं. पुढे दोन म्हाताऱ्या वाद घालत होत्या.

"गाव आमच्या घरापासून सुरू झालं."

"कुणीही म्हणेल. बैठकीखाली किती जण पुरलेत तुमच्या?"

"सात. पहिला शिकारी, ज्यानं इथलं रान तोडलं."

"आमचे नऊ."

"नवरा धरून? तो तर अजून जेवतोय."

"जागा ठरलीय त्याची. त्या जागेला लागून मुलाची खोली, पुढे नातवाची. गाव असंच वाढलं ना?"

"मग इथे कशाला आलीस?"

"भाडेकरू वारला. बिचाऱ्याचं गावात घर नाही."

मोरेनिके रांगेतून बाहेर पडली. तिनं भावाला फोन लावला.

"घर विकायचं नाही. बाबा बैठकीतच राहतील. येताना कुदळ आण."