माळकऱ्याच्या पिशवीतली वाम

…आन् वर म्हणती काय, "मामा, जिवंतच आणा बरं का! मेलेली नको!" आता मला सांगा, मी माळकरी माणूस, राव! ह्या भिमाजीनं जन्मात कधी मासळीबाजाराकडं गाडी नाय वळवली, आळेफाट्याला नुसता वास आला तरी नाकाला उपरणं लावून पुढं जायचो, आन् माझीच सून, उज्ज्वला, मलाच वाम मासळी आणायला धाडती! बरं, खायला म्हणाल तर ती बी खात नाय. मग कशाला? पोट फाडायला! पोटातला जंत काढायला! तुमाला सांगतो, कॉलेजात प्राध्यापक हाय पोरगी, माशाच्या पोटातल्या जंतांवर पीएचडी करती. लग्न ठरलं तवा म्हणले, मुलगी जीवशास्त्रात हाय. मला वाटलं, चला, डॉक्टरीणबाई येती… बीपी तरी फुकट बघंल!

तर झालं काय, तिची स्कूटी गॅरेजात, आमचा पोरगा मोहित चाकणला कंपनीत नाईटला, आन् मासा मेला की आतला जंत बी लगीच खराब व्हतो म्हणं. राहिलं कोण? मी! एकदा गेलो आन् कायमचाच जुंपलो. राजुरीवरनं बोरीला जायचं, कुकडीच्या काठाला चिमाजी जाळं काढतो, त्याच्याकडनं पाण्यासकट वाम घ्यायची, पिशवी हँडलला, तोंडानं रामकृष्णहरी, आन् सुसाट घरी! घरी आमची साळुबाई दारातच उभी, "माझ्या सैपाकघरात त्ये आणलंत तर तुमी हितं आन् मी माहेरी!" आता ह्या वयात हिचं माहेर कुठं उरलंय… पण बोलायची सोय हाय का? मग टेबल मांडला गोठ्यात. म्हशीनं त्वांड फिरवलं वो, म्हशीनं!

आन् एक दिस आमच्या भजनी मंडळाचा गेणभाऊ चौकात आडवा आला. आता वाम म्हंजी कशी, लांबलचक, सापावानी… शेपूट पिशवीतनं भाईर!

"भिमाजीराव, पिशवीत काय?"

"पडवळ!"

"पडवळ हलतंय की वो!"

"…ताजं हाय!"

झालं! सांजच्याला देवळात गेलो तर माझा पखवाज दुसऱ्याच्या पुढ्यात! गेणभाऊ नाक वर करून म्हणतो, "मासळीचा हात पखवाजाला नाय लावायचा." अवो, मी माळकरी माणूस, राव! उभी हयात त्या पखवाजावर थाप मारली, आन् मलाच मागं बसवलं, टाळकऱ्यांच्या बी मागं, चपलांपाशी! तुमाला सांगतो, घरी येऊन ताट तसंच म्होरं सारलं.

उज्ज्वलाला कळलं. मला वाटलं, आता रडती. कशाची रडती! तडक देवळात! "गेणकाका, उद्या सगळे आमच्या गोठ्यात या. मामा काय आणतात आणि कशाला आणतात, डोळ्यांनी बघा." आले की समदे! मायक्रोस्कोपम्होरं ही रांग. गेणभाऊनं डोळा लावला आन् वरडला, "आरं तिच्या… ह्याच्या डोस्क्यावर आकडे हायेत की!"

"त्या आकड्यांनीच तो आतड्याला धरून बसतो, काका. आणि असे आकडे आजवर कुठल्याच पुस्तकात नाहीत. हा नवाच निघाला ना, तर माझ्या कष्टाचं चीज होईल बघा."

पण गेणभाऊचं ध्यान भलतीकडंच! हळूच पुसतो, "सूनबाई… ह्ये आपल्या बी पोटात आसतंय का?"

"हा नाही, काका. पण दुसरे असू शकतात."

दुसऱ्या दिशी आख्खं भजनी मंडळ सरकारी दवाखान्यात, जंताच्या गोळीला! आन् सांजच्याला पखवाज माझ्या पुढ्यात. आपसूक!

मग जंताचं फोटू काढून झालं, रंग लावून झालं, परदेशातल्या जाणकारांस्नी धाडून झालं… आन् उत्तर आलं. नवी जात! जगात पयल्यांदा! पोरगी गोठ्यात नाचली, म्हस बिथरली, साळुबाईनं पुरणपोळी केली. जंतापायी पुरणपोळी, ऐकलंय का कुठं? माझ्या बी डोळ्याला पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

तितवर समदं ब्येस व्हतं वो! पण म्हणती काय, "मामा, नव्या जातीला नाव शोधणाऱ्यानं द्यायचं असतं. स्वतःचं देत नाहीत. मी तुमचं दिलंय!"

"माझं? जंताला?"

"भिमाजीआय!"

"आय? अगं, मी बाप्या माणूस! मला आय कशाला करती?"

"लॅटिनमध्ये शेवटी तसंच लावतात, मामा. तुम्ही नसता तर तो सापडलाच नसता. आणि आता छापून आलंय, बदलता येत नाही. जग असेपर्यंत हेच नाव!"

असं हसून म्हणली पोरगी! तितक्यात गेणभाऊनं आळेफाट्याला फ्लेक्स लावला, 'हार्दिक अभिनंदन', एका बाजूला माझा फोटू, एका बाजूला जंताचा, आन् नाव दोघांच्या मधोमध! येणारा जाणारा थांबून पुसतोय, ह्यातलं भिमाजी कंचं?

काय सांगायचं? मी माळकरी माणूस, राव! जन्मभर मासा पोटात जाऊ दिला नाय… आन् आता मीच माशाच्या पोटात. ते बी कायमचा!