इंजिन बंद करायचं न्हाई

काय सांगू तुम्हाला ताई, माझं माहेर खानापूर तालुक्यातलं, माळावरचं गाव, आनि आमच्या आन्नांचा एक जुना ट्रॅक्टर व्हता, त्याची बॅटरी कधी धड चालली न्हाई. उतारावर लावायचा, चार मानसांनी ढकलायचा, तवा कुठं तो खोकत खोकत सुरू व्हायचा. म्हनून आन्ना सांगायचे, एकदा सुरू झाला की दिवस मावळोस्तवर इंजिन बंद करायचं न्हाई, पोरी. न्हाईच करायचो आमी. ग्रीस घालायचं, अडकलेलं काढायचं, सगळं चालू इंजिनावर. सासरी मळनीयंत्र, तिथंबी तेच. हाताला कधी खरचटलं न्हाई माझ्या. गाव म्हनायचं, सुनंदाला यंत्राची भीती न्हाई.

आन् आता बघा, चहाचा कपबी डाव्या हातानं धरते.

विलायतेत शेतावर कामाला यायचं म्हनून एजंटाकडं गेले तर बाई बघून हसला वो तो, मी म्हनलं यंत्र खोलून दावू का तुला, तवा फारम फुडं सरकवला. सा महिन्याचा व्हिसा, तिकिटाला पाटल्या मोडल्या. हितं बटाटं काढायचं यंत्र, आपल्या घराएवढं. म्होरं ट्रॅक्टर ओढतोय, बटाटं मातीसकट पट्ट्यावर येत्यात, आनि आमी चौघी वर उभ्या राहून ढेकळं-दगड येचतो. ऱ्हायला कॅरव्हान, म्हंजी चाकावरची खोली, तीत सा बायका, त्याचं भाडं पगारातनं कापत्यात. पगार तासावर, पन ह्या मालकाकडं यंत्र थांबलं की तासबी थांबला. पाऊस आला, बसा. पट्टा अडकला, बसा. मार्क म्हनून मुकादम हाय, ट्रॅक्टर तोच चालवतो, कुनी तोंड उघडलं की हसून इचारतो, फुडच्या वर्षी यायचंय न्हवं? त्या हसन्याचं मला लई भ्या वाटतं. पोरगी सांगलीला नर्सिंग शिकतीया, तिचं आजून एक वर्ष ऱ्हायलंय, मला फुडच्या वर्षी यायचंच हाय.

पयल्या दिवशी सांगितलेलं बरं का. कागद वाचून दावला, सही घेतली, काय अडकलं तर यंत्र थांबवायची दोरी वढा, इंजिन बंद, किल्ली काढून खिशात, मगच हात घाला. मी मनात म्हनलं, बंद केल्यावर हे सुरू कोन करनार, ढकलनार कोन? अशी मी येडी! बटन दाबलं की सुरू व्हतंय ते. पन हाताला कोन सांगनार? हात आन्नांकडनंच शिकलेला.

गुरवारी बटाट्याचं वेल रोलरला गुंडाळलं. रोलरवरचं पत्र्याचं झाकन मार्कनंच काढून ठेवलंय, उघड-झाक करन्यात वेळ जातो म्हनून. मी वाकले, वेल धरला, आनि रोलरनं हातमोजा धरला. आई गं! माझ्या शेजारी गुलनारा असती, किरगिझ देशाची हाय, लेकीपरास दोन-तीन वर्षांनी मोठी, तिनं दोरी वढली म्हनून ही पाच बोटं दिसत्यात तुम्हाला. दोन नखं काळी पडली, बास. मोजा पार चिंध्या झाला.

मार्क पळत आला, तोंड पांढरं पडलेलं. म्हनला अपघाताच्या वहीत लिव्हावं लागंल. आनि मीच हात जोडले ताई, मीच! नको लिवू बाबा, मला काय झालं न्हाई, मला घरी पाठवू नका. तो लगीच बरं म्हनला. इतक्या लगीच म्हनला की मला तवाच कळलं. त्या झाकनाचं त्यालाच लपवायचं व्हतं, आनि मी त्याला वाट करून दिली.

काल शनवारी माझी जागा बदलली. रोलरपाशी आता गुलनारा. झाकन तसंच, बाजूला पडलंय. सांजच्याला कॅरव्हानमधी तिनं मला हातवारं करून इचारलं, तू रोलरमधलं वेल इतक्या भराभर कसं काढायचीस, मला शिकीव. मला जेवनच गेलं न्हाई.

आज रविवार, व्हॅननं आमाला पीठ-भाजीला लेस्टरला आनलं, म्हनून तुमची गाठ पडली. माझी गोष्ट लिवून घेताय न्हवं, मग ह्योबी कागद लिवा, विंग्रजीत, ज्यांच्या कागदावर व्हिसा मिळाला त्या हितल्या एजन्सीला. लिवा की झाकन काढून ठेवलंय. लिवा की चूक माझीबी हाय, मी इंजिन बंद केलं न्हाई. नाव? थांबा, नाव नगं. पोरीचं एक वर्षच ऱ्हायलंय वो.

...न्हाई, घाला नाव. बिननावाचा कागद कोन वाचतंय. आनि आजच फोटू काढून फोनवरनं धाडा, उद्या सकाळी सा वाजता यंत्र शेतात जातंय. द्येवा, त्या गुलनाराचं हात सांभाळ. द्या हिकडं पेन, सही वाकडी येईल, पन ह्याच हातानं करते.